संज्ञालिपी, सकळ लिपी आणि हातांतील बिनतारी यंत्र

गुप्तपणें बोलण्याचें साधन कसें निवडावें हा प्रश्न नवा नाहीं. हल्लीं तो हातांत मावणाऱ्या दुतर्फा बिनतारी यंत्राच्या, म्हणजे लोकव्यवहारांतील वॉकी-टॉकीच्या, रूपानें पुढें आला आहे इतकेंच. जुने कागद, शिलालेख व पडकीं स्थळें यांच्या शोधार्थ डोंगरकपारींत हिंडणाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांनीं अशीं यंत्रें घेण्याचें मनांत आणिलें आहे, आणि त्यांत बोलणें गूढ करण्याची, म्हणजे एन्क्रिप्शनची, सोय असावी काय व असल्यास कोणत्या जातीची, अशी पृच्छा ते करीत असतात. पृच्छेचें कारण क्षुल्लक नाहीं. एखाद्या ओसाड देवळाच्या उंबऱ्याशीं अक्षरें कोरलेला दगड सांपडला, आणि तें वर्तमान डोंगराखालच्या सोबत्यास उघड्या आवाजांत कळविलें, तर तें ऐकणारा दुसरा कोणी गुप्तधनाच्या लोभानें रात्रीं पहार घेऊन तेथें जाणार नाहीं असें कोणीं सांगावें? दगड एकदां फुटला म्हणजे त्यावरील लेखहि गेला.

प्रश्न वरवर यंत्रविद्येचा दिसतो. परंतु त्याचें निम्मे उत्तर आमच्या दफ्तरांत आणि पोथ्यांत पडलेलें आहे, असें आमचें मत असल्यामुळें हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

आम्ही राहतों तें मुदखेड नांदेड जिल्ह्यांतील लहानसें तालुक्याचें गांव. १९०० च्या सुमारास निजामी राज्यांतून गोदावरीच्या खोऱ्यानें मनमाडपर्यंत जो लोहमार्ग झाला, त्यावर हें गांव आहे. येथूनच एक फांटा किनवटावरून आदिलाबादेस जातो. या एवढ्याशा गांवांत बिनतारी बोलण्याच्या दोन परस्परविरुद्ध गरजा शेजारीं शेजारीं दिसतात. जंक्शनावर गाडीचा चालक, स्थानकाचा अधिकारी आणि पूर्वीं ज्यास गार्ड म्हणत व २०२२ पासून ज्यास ट्रेन मॅनेजर म्हणतात तो, हे एकमेकांशीं हातांतील यंत्रावर उघड बोलतात. तें उघडच असलें पाहिजे. ज्याच्या कानीं पडावयाचें त्याच्या कानीं तें न चुकतां पडणें यांतच गाडीची सुरक्षितता आहे. तेथें गूढतेचा पडदा घालून एखादा शब्द गहाळ होऊं देणें म्हणजे अनर्थ. गांवाजवळच केंद्रीय राखीव पोलीस दलाचें प्रशिक्षण महाविद्यालय आहे. शस्त्रधारी दलांच्या कामगिरींत गरज नेमकी उलट असते: तुकडी कोठें आहे व कोणीकडे निघाली आहे हें आगाऊ कळल्यास माणसांचे प्राण जातात. तेव्हां गूढता ही यंत्राची शोभा नव्हे, ती प्रयोजनावर अवलंबून आहे. प्रयोजन न ठरवितां यंत्राची किंमत विचारीत सुटणें हा आजकालचा सार्वत्रिक दोष आहे.

आतां जुन्या परंपरेकडे वळूं. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत हेरांनीं परस्परांस वर्तमान पोंचविण्यासाठीं ‘संज्ञालिपी’ वापरावी असा निर्देश आहे, व दूताच्या प्रकरणांत चित्रें आणि खुणा यांच्या द्वारें वार्ता मिळविण्याचाहि उल्लेख आहे. कामसूत्रांतील चौसष्ट कलांत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ आणि ‘म्लेच्छितविकल्प’ या दोन कला गणलेल्या असून, यशोधराच्या जयमंगला टीकेंत त्यांचें विवरण येतें. त्या विवरणांत मूलदेवाच्या नांवावर एक रीत सांगितली आहे. तींत अक्षरांच्या जोड्या लाविल्या आहेत: अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, त आणि प, ञ आणि ण, न आणि म, र आणि ष, ल आणि स, य आणि श. जोडींतील एकाचे जागीं दुसरें लिहावयाचें व बाकीचीं अक्षरें जशींच्या तशीं ठेवावयाचीं. या रीतीनें मुदखेडाचें ‘नुदगेड’ होतें, माहूरचें ‘नाहूष’ होतें आणि लातूरचें ‘सापूष’. शाळेंतील मुलांस ही रीत एका तासांत येते, आणि ती येतांच त्यांस जो आनंद होतो त्यावरून गूढ बोलण्याची हौस मनुष्यस्वभावांत किती खोल रुजलेली आहे हें कळतें.

परंतु या रीतीचा दोष तिच्या सोपेपणांतच आहे. येथें किल्ली अशी वेगळी नाहींच. रीत हीच किल्ली. जोड्यांचें कोष्टक ज्यास ठाऊक झालें त्यास मागील शंभर वर्षांचीं पत्रेंहि वाचतां येतील आणि पुढील शंभर वर्षांचींहि. शिवाय द, ड, ह यांसारखीं अक्षरें न बदलल्यामुळें अर्धा शब्द उघडाच राहतो. ‘नुदगेड’ पाहून मराठवाड्यांतील कोणताहि मनुष्य मुदखेड ओळखील.

देशी व्यवहारांत अशा आणखीहि रीती होत्या. करपल्लवींत हाताच्या आकृतीवरून वर्ग व बोटांच्या संख्येवरून त्या वर्गांतील अक्षर दाखवितात. नागाच्या फणेसारखा हात केला तर अहि म्हणून अकारादि स्वर, कमळासारखा केला तर कवर्ग, चक्रासारखा केला तर चवर्ग, टंकार केला तर टवर्ग, अशी ही योजना असल्यामुळें आकृतीचें नांव आठवलें कीं वर्ग आपोआप आठवतो. लोहे तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस जनावरांच्या बाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरविण्याची चाल ठाऊक असेलच. भोंवतीं पन्नास माणसें उभीं असतात, कोणी कांहीं बोलत नाहीं, आणि तरी सौदा होतो. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेंत एकास केवली, दोहोंस अवारू, तिहींस उधानू, चोहोंस पोकू, पांचांस मुळू असें म्हणत. गिऱ्हाइकाच्या देखत धनी आपल्या गुमास्त्यास कितीपर्यंत उतरावयाचें तें सांगे आणि गिऱ्हाईक नुसतें पाहत राही. याच जातीची युक्ति दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें केली. १९४२ सालीं नाव्हाहो नांवाच्या तेथील आदिवासी जातीचे २९ तरुण नौदलाच्या सैनिक पथकांत घेऊन त्यांच्या मातृभाषेवर आधारलेली सांकेतिक बोली तयार केली, आणि पॅसिफिकमधील लढायांत ते बिनतारी यंत्रावर उघड बोलत असतांहि जपान्यांस तें उलगडलें नाहीं. बोली ज्यांस येते तीं माणसें थोडीं व तीं सर्व आपल्या बाजूचीं, एवढ्यावरच तेथील गुप्ततेची भिस्त होती.

या सर्वांपेक्षां अधिक मननीय उदाहरण महानुभावांचें आहे, आणि तें आमच्या प्रांताच्या अगदीं जिव्हाळ्याचें आहे. माहूर हें नांदेड जिल्ह्यांतील क्षेत्र या पंथास पूज्य असून तेथील देवदेवेश्वराचें स्थान त्यांचेंच आहे. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरांनीं मराठींतून उपदेश केला. त्यांच्या मागें नागदेवाचार्यांच्या अनुमतीनें ऋद्धिपुरास म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळा संकलित केल्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आज सर्वमान्य असलेलें लीळाचरित्र तें हेंच. पंथाची परंपरा अशी कीं, पुढें धाडीच्या गडबडींत मूळ प्रत लुटली गेली आणि शिष्यांनीं आपापल्या आठवणींतून ग्रंथ पुन्हां जुळविला. यामुळेंच त्याचे निरनिराळे पाठ झाले. नंतरच्या काळांत पंथीयांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री, वज्र अशीं त्या लिप्यांचीं नांवें आढळतात. सकळ लिपीचा प्रचार त्यांत सर्वाधिक झाला, आणि ती रवळोव्यासांनीं प्रवृत्त केली असें मानितात.

या लिप्यांचा हेतु काय, याविषयीं बराच वाद झालेला आहे. कोणी म्हणतात परकीयांच्या भयानें. कोणी म्हणतात वैदिकांच्या द्वेषानें. आणि कांहीं जुन्या टीकाकारांनीं तर लपविण्याजोगें कांहीं असल्यावांचून कोणी लपवीत नाहीं, असा कुत्सित तर्क केला. आमचे मतें साधें कारण पुरेसें आहे. एकदां ग्रंथ गमावलेल्या माणसांनीं उरलेला ग्रंथ अधिकारी मनुष्याच्याच हातीं राहावा, अनधिकाऱ्यानें तो वाचूं नये व त्यांत ढवळाढवळ करूं नये, अशी तजवीज केली. उपदेश घेतलेल्यासच किल्ली मिळे. जवळ पोथी असून ती वाचतां येत नाहीं अशा मनुष्याच्या दृष्टीनें ती पोथी केवळ रेघोट्यांची वही होती.

आतां साधनाच्या दृष्टीनें पाहूं. सकळ लिपी ही मूलतः अक्षराचे जागीं ठराविक दुसरें अक्षर किंवा चिन्ह ठेवण्याची रीत आहे. अशा रीतींत मूळ भाषेची चाल लपत नाहीं. मराठींत जें अक्षर वारंवार येतें त्याचें चिन्हहि तितक्याच वेळां येतें. ग्रंथारंभींचें नमन, ग्रंथान्तींचें नांव, शक आणि तिथि हीं ठरलेल्या जागीं ठरलेल्या शब्दांनीं येतात. आणि हीं चार-दोन स्थळें ओळखलीं कीं बाकीचीं अक्षरें एकामागून एक सुटूं लागतात. तथापि ही रीत शतकानुशतकें टिकली. पंथ पंजाबापर्यंत पसरला, मठ वाढले, प्रतींवर प्रती झाल्या, आणि किल्ली बाहेर गेली नाहीं. याचें श्रेय लिपीच्या काठिण्यास नसून ती जाणणाऱ्यांच्या निष्ठेस आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा करून दाखविला. त्यानंतर वि. ल. भावे यांच्या महाराष्ट्र-सारस्वताच्या दुसऱ्या आवृत्तींत या वाङ्मयास स्थान मिळालें, य. खु. देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ सालीं निघाला, आणि १९३६-३७ च्या सुमारास ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र संपादून प्रसिद्ध केलें.

या गुप्ततेची किंमत मात्र पंथास जबर द्यावी लागली. आपल्या भाषेंतील आद्य गद्य सुमारें सहाशें वर्षें महाराष्ट्रापुढें आलें नाहीं. ज्ञानेश्वरीच्या जोडीस ठेवून वाचण्यासारखी भाषा मठांच्या पेटाऱ्यांत बांधून राहिली. बाहेरच्या लोकांस आंत काय लिहिलें आहे हें कळेना, म्हणून त्यांनीं नाना प्रवाद रचले. आणि तें इतकें रुजलें कीं, ‘मानभावी’ हा शब्द मराठींत ढोंगी या अर्थानें रूढ होऊन बसला. पंथाचें नांवच शिवी झालें. कोणत्याहि गुप्त साधनाची निवड करणारानें हा जमाखर्च डोळ्यांसमोर ठेविला पाहिजे. कोणापासून लपवावयाचें, किती काळ, आणि लपविल्यामुळें आपल्याच माणसांचें काय नुकसान होईल, हे तीन प्रश्न यंत्र विकत घेण्यापूर्वींचे आहेत.

साधनाची परीक्षा कशी करावी याचें शास्त्र पाश्चात्त्यांत १८८३ सालीं ऑग्यूस्त केर्कहोफ्स यानें एका फ्रेंच सैनिकी नियतकालिकांत मांडलें. हा गृहस्थ पेशानें भाषाशिक्षक होता, हें लिहितांना आम्हांस थोडासा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील. त्यानें घातलेल्या अटींचा सारांश असा: साधनाची रीत शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये, गुप्तता केवळ किल्लींत असावी, किल्ली लक्षांत ठेवितां यावी आणि मनास येईल तेव्हां बदलतां यावी, साधन एका माणसास नेतां यावें, आणि दगदगीच्या प्रसंगींहि तें सहज वापरतां यावें. मूलदेवीय रीत पहिल्याच अटींत नापास होते. सकळ लिपी एका माणसास नेतां येते, सहज लिहितां येते, परंतु किल्ली बदलत नाहीं. आजच्या वॉकी-टॉकीस याच अटी लाविल्या असतां काय दिसतें तें पाहूं.

हातांत धरावयाचें बिनतारी यंत्र दुसऱ्या महायुद्धाचें अपत्य आहे. अमेरिकेंतील गॅल्विन कंपनीनें, जी पुढें मोटोरोला या नांवानें प्रसिद्ध झाली, सुमारें ५ पौंड वजनाचें हातांतील यंत्र सैन्यास दिलें. पाठीवरचें यंत्र निराळें, तें सुमारें ३५ पौंडांचें होतें. या यंत्रांत गुप्तता कांहींच नव्हती. त्याच लहरीवर दुसरें यंत्र लाविलें कीं ऐकूं येई. पुढें अशा यंत्रांत आवाजाचे उंच सूर नीच व नीच सूर उंच करून पाठविण्याची युक्ति आली. बोलणें ऐकतांना बदकांच्या कळपासारखें वाटतें. परंतु तीच उलटापालट पुन्हां केली कीं मूळ आवाज मिळतो. ही मूलदेवाचीच विद्या, फक्त अक्षरांऐवजीं सुरांवर केलेली. आजहि कित्येक स्वस्त यंत्रांत ‘स्क्रॅम्बलर’ म्हणून जें असतें तें बहुधा हेंच होय. कुतूहलानें कानोसा घेणारा यानें अडेल. जाणता अडणार नाहीं.

यापुढचीं यंत्रें आवाजाचे अंक करतात आणि अंकांवर गणित करून ते गूढ करतात. येथें किल्ली ही खरोखर वेगळी वस्तु झाली, आणि ती किती लांब आहे यावर पुष्कळसें अवलंबून असतें. कांहीं यंत्रांत प्राथमिक ‘प्रायव्हसी’ म्हणून जी सोय असते, तींत सारी मिळून २५५ किल्ल्यांपैकीं एक निवडावयाची असते. इतक्या किल्ल्या तर चिकाटीचा मनुष्य हातानें लावून पाहील. दुसरी जात ४० बिटांची. तींत किल्ल्यांची संख्या सुमारें १ लक्ष १० हजार कोटी होते. ऐकावयास ही संख्या प्रचंड वाटते, परंतु आजच्या गणकयंत्रांस ती भारी नाहीं. तिसरी २५६ बिटांची एईएस. तींतील किल्ल्यांची संख्या लिहावयास ७८ अंक लागतात. आमच्या भास्कराचार्यांचें परार्ध अवघ्या १८ अंकांत संपतें, यावरून वाचकांनीं काय तें समजावें.

तथापि केवळ लांबीवर भुलूं नये. एईएस ही रीत गुप्त नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेच्या मानकसंस्थेनें जगांतील पंडितांस आव्हान करून नव्या रीती मागविल्या. पंधरा उमेदवारांची उघड छाननी झाली. आणि डेमन व रायमन या दोघां बेल्जियन गणितज्ञांची रीत निवडून २००१ सालीं ती प्रमाण ठरविली. जगभरच्या टीकाकारांनीं आज वीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावर हल्ला चालविला असून ती उभी आहे. याच्या उलट युरोपांतील टेट्रा नांवाच्या बिनतारी पद्धतीचें. तिच्या गूढ करण्याच्या रीती १९९० च्या दशकापासून गुप्त ठेविल्या होत्या. २०२३ सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं त्या बाहेर काढल्या तेव्हां असें दिसलें कीं, त्यांतील टीईए-१ या रीतीची किल्ली म्हणावयास ८० बिटांची, पण आंतल्या आंत ती ३२ बिटांवर आणिलेली होती. म्हणजे किल्ल्यांची संख्या सुमारें ४२९ कोटींवर आली. कुलूप थोरलें दिसावें आणि आंतील खटका लांकडाचा असावा, तसला प्रकार. यानंतर त्या पद्धतीच्या मानकसंस्थेनें आपल्या रीती प्रसिद्ध करण्याचें ठरविलें. केर्कहोफ्सचें म्हणणें १४० वर्षांनीं पुन्हां खरें ठरलें. म्हणून विक्रेता जेव्हां ‘आमच्या कंपनीची खास गुप्त पद्धत’ असें सांगूं लागेल तेव्हां तेथून उठावें, हें बरें.

मराठी दफ्तरें चाळणाऱ्यांस दोन गोष्टी परिचित आहेत. एक, नाजूक मजकूर असला म्हणजे पत्रांत तो न लिहितां मुखजबानी कळविण्याची चाल. जासूद पकडला गेला तरी कागदांत कांहीं नाहीं. दुसरी, पत्राच्या शेवटीं मोर्तब करण्याची चाल. शिक्क्यानें पत्र कोणाचें हें ठरतें आणि मोर्तबानें तें कोठें संपलें हें ठरतें, जेणेंकरून मागाहून कोणी एखादी ओळ घुसडूं नये. गुप्तता निराळी आणि खरेपणा निराळा, हें आमच्या चिटणिसांस पक्कें ठाऊक होतें. यंत्र घेणारे मात्र बहुधा पहिल्याचीच चौकशी करतात. आपलें गूढ बोलणें कोणीं ध्वनिमुद्रित करून घटकाभरानें तसेंच पुन्हां हवेंत सोडिलें, तर किल्ली न कळतांहि तो आपल्या माणसास जुनाच हुकूम पुन्हां ऐकवूं शकतो. यंत्र असा शिळा संदेश ओळखून टाकून देतें काय, हें विचारलें पाहिजे. तें ओळखीत नसेल तर प्रत्येक संदेशांत वेळ व अनुक्रमांक बोलण्याची शिस्त ठेवावी.

शिस्तीवांचून उत्तम यंत्रहि कुचकामाचें. अमेरिकेंतील सरकारी दलें जी पी-२५ नांवाची पद्धत वापरतात, तिचा अभ्यास पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केला. गूढ बोलण्याची सोय हातांत असतां अधिकारी कित्येकदां नकळत उघडच बोलत होते. कोठें यंत्राचें बटण चुकीच्या बाजूस सरकलेलें आणि तें दाखविणारी खूण धड दिसत नसे. कोठें एका सोबत्याकडे नवी किल्ली पोंचलेली नसे, म्हणून त्याच्याकरितां सर्वच जण उघड बोलूं लागत. सकळ लिपीच्या लेखकास निदान आपण कोणत्या लिपींत लिहीत आहोंत हें डोळ्यांनीं दिसत होतें.

आणखी एक मर्यादा यंत्राच्या जातींतच आहे. गूढ करण्यानें शब्द लपतात, बोलणारा लपत नाहीं. लहर हवेंत सुटली कीं ती कोणत्या दिशेनें आली हें शोधितां येतें. १९४२ च्या आंदोलनांत मुंबईस उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर त्याचें प्रक्षेपण होई. पोलिसांच्या गाड्या दिशा शोधीत फिरत असल्यामुळें त्यांस वारंवार जागा बदलाव्या लागल्या. अखेर १२ नोव्हेंबरास तें केंद्र पकडलें गेलें तें लहरींमुळें नव्हे, तर त्यांच्याच एका तंत्रज्ञानें पोलिसांस ठिकाण दाखविल्यामुळें. महानुभावांच्या किल्लीचें जें झालें नाहीं तें येथें अडीच महिन्यांत झालें.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. आपल्या देशांत बिनतारी यंत्र बाळगणें १९३३ च्या कायद्यापासून परवान्याच्या कक्षेंत आहे, आणि २०२३ सालीं या सर्व जुन्या कायद्यांच्या जागीं नवा दूरसंचार कायदा संमत झाला. २०१८ च्या नियमांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यांतून सूट मिळाली. तीं यंत्रें मान्यताप्राप्त मात्र असलीं पाहिजेत. याबाहेरच्या लहरींवर बोलणारें यंत्र, मग तें कितीहि सहजपणें घरपोंच येत असो, परवान्यावांचून घेऊं नये. असलीं यंत्रें पुरेशी माहिती न देतां विकल्याबद्दल २०२५ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें कित्येक विक्रीस्थळांस नोटिसा काढिल्या. हौशी रेडिओचा परवाना काढून गुप्त बोलूं, असेंहि कोणी मनांत आणूं नये. त्या परवान्यांत सांकेतिक भाषेस मनाई आहे. गूढतेच्या सोयीचें यंत्र घ्यावयाचें तर दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेस आधीं विचारावें.

आतां पृच्छकांस प्रत्यक्ष काय सांगावें? माहूरचा डोंगर किंवा कंधारचा किल्ला धुंडाळणारी आठ-दहा माणसांची टोळी धरूं. पेटीवर छापलेल्या पल्ल्यावर विश्वासूं नये. ही लहर जवळजवळ दृष्टीप्रमाणें सरळ जाते. सपाट रानांत उभ्या असलेल्या दोन माणसांमध्यें १० किलोमीटरांच्या आंतबाहेर क्षितिजच आड येतें, आणि झाडी व टेकाड त्याच्या पुष्कळ आधीं. एक मनुष्य १०० मीटर उंच माथ्यावर बसविला तर क्षितिजाचा अडथळा ४५ किलोमीटरांपलीकडे जातो. तेव्हां अधिक शक्तीच्या यंत्रापेक्षां माथ्यावर बसणारा एक धीराचा सोबती अधिक उपयोगी. वाट चुकली, पाय मुरगळला, पाणी संपलें, साप निघाला, हें सर्व उघड बोलावें. परका कोणी ऐकून मदतीस धांवला तर तें हवेंच आहे. गूढ ठेवावयाचें तें एकच, सांपडलेल्या वस्तूचें ठिकाण. तेवढ्यासाठीं परवाना काढून गूढतेचें यंत्र घेणें ज्या मंडळास परवडेल, त्यानें उघड छाननी झालेल्या रीतीचें, आपली किल्ली आपणच घालतां येईल असें घ्यावें. विक्रेत्यानें कारखान्यांतून घातलेली किल्ली ही किल्लीच नव्हे. प्रत्येक मोहिमेस किल्ली नवी करावी. एक यंत्र हरवलें कीं त्याच दिवशीं उरलेल्या सर्वांतील बदलावी, आणि यंत्रांची मोजणी रोज सायंकाळीं करावी.

ज्यांस हें परवडत नाहीं त्यांनीं साधें परवानामुक्त यंत्र घ्यावें आणि स्थळांस निघण्यापूर्वीं ठरविलेले अंक द्यावेत. ‘सातव्या ठिकाणीं आहें, चुना आणि कागद घेऊन या’ एवढेंच बोललें म्हणजे ऐकणाऱ्यास सातवें ठिकाण कोणतें हें कळणार नाहीं. अंकांची यादी दर मोहिमेस बदलावी आणि मोहीम संपतांच जाळावी. मात्र स्थळांची खरी नोंद, ठिकाण, दिशा, मापें व लेखाचा ठसा यांसह, परत येतांच स्वच्छ बाळबोध लिपींत लिहून मंडळाच्या दफ्तरीं द्यावी व तिची एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी.